श्वास परत आणण्याची विद्या

फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्रीं नंदुरबार जिल्ह्यांतील काठी या गांवीं जी होळी होते, तिचें वर्णन आपण वृत्तपत्रांतून वाचलें असेल. अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या कुशींत वसलेलें हें गांव म्हणजे इंग्रजी अमदानींतील खानदेशच्या मेहवासी संस्थानांपैकीं एक. संस्थान गेलें, परंतु राजवाडी होळी राहिली. उंच बांबूभोंवतीं रात्रभर ढोल वाजतात. अंगावर राखेच्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू अशा वेषांतील नर्तक शीण न जाणतां नाचत असतात, आणि पहाटे होळी पेटते. डोंगरांतल्या पाड्यापाड्यांवरून हजारों माणसें येथें लोटतात.

आजच्या भाषणाचा विषय होळी नव्हे. पण अशा गर्दींत एखादा माणूस नाचतां नाचतां कोसळला, तर पुढच्या पांच मिनिटांत काय होईल, एवढा प्रश्न मनांत धरून पुढील हकीकत ऐकावी, अशी माझी विनंति आहे. नंदुरबार येथें २०२० सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. समजा, त्या गर्दींत तेथील पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी उभा आहे. पदवी मिळावयास अवकाश असला, तरी लोक त्याला 'डॉक्टर' म्हणूनच हांक मारतील. त्याला काय येतें, आणि जें येतें तें करण्यास त्याचा हात पुढें होईल काय? या प्रश्नाला जवळजवळ तीनशें वर्षांचा इतिहास आहे.

प्रथम गोष्ट काय आहे ती थोडक्यांत सांगतों. हृदय बंद पडलें कीं मेंदूला रक्त मिळेनासें होतें, आणि चार ते सहा मिनिटांत त्याला कायमची इजा होऊं लागते. तेवढ्या अवधींत जवळच्या कोणीं त्या माणसाला कठीण जमिनीवर उताणें निजवून, छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून, मिनिटास १०० ते १२० वेळां, पांच ते सहा सेंटिमीटर खोल दाब दिला, तर नेहमीच्या चौथ्या किंवा तिसऱ्या हिश्शाइतकें तरी रक्त फिरतें राहतें. शिकलेला माणूस तीस दाबांमागें दोन वेळां तोंडानें श्वासहि देतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून यास सी. पी. आर. म्हणतात. कोल्हापूरकरांस मात्र सी. पी. आर. म्हटलें कीं छत्रपति प्रमिलाराजे यांच्या नांवाचें रुग्णालयच आठवतें! मराठींत 'हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन' असा एक शब्द चालतो. पण जो शब्द उच्चारण्यासच अर्धा श्वास खर्ची पडतो, तो गडबडीच्या वेळीं कोणाच्या तोंडीं येणार? लक्ष्मणाच्या मूर्च्छेची कथा ठाऊक असलेल्या लोकांना 'संजीवन' एवढा शब्द पुरे व्हावा.

आतां इतिहासाकडे वळूं. १७३२ सालीं स्कॉटलंडमधील अ‍ॅलोआ गांवीं कोळशाच्या खाणींतून धुरानें गुदमरलेला एक मजूर वर काढण्यांत आला. त्याची नाडी लागत नव्हती, श्वास नव्हता. विल्यम टॉसॅक नांवाच्या शल्यवैद्यानें त्याच्या तोंडाला तोंड लावून, नाक चिमटींत धरून, जोरानें श्वास भरला. मजुराचें हृदय चालूं लागलें. चार तासांत तो पायीं घरीं गेला आणि चार दिवसांत कामावर हजर झाला. टॉसॅकनें ही हकीकत १७४४ सालीं छापली. सुइणींना मात्र ही युक्ति आधींपासून अवगत होती. न रडलेल्या मुलाच्या तोंडांत त्या फुंकर घालीत, आणि विद्वान वैद्य तिला अडाण्यांची रीत म्हणून नाक मुरडीत.

हॉलंड देश कालव्यांचा. तेथें माणसें फार बुडत. म्हणून १७६७ सालीं अ‍ॅमस्टरडॅमच्या नागरिकांनीं बुडालेल्यांस वांचविणारी मंडळी स्थापिली. त्यांच्या उपायांत तोंडानें श्वास देणें होतें, अंग ऊबदार ठेवणें होतें, आणि गुदद्वारानें तंबाखूचा धूर सोडणेंहि होतें! पहिल्या चार वर्षांतच दीडशें माणसें वांचविल्याचें त्या मंडळीनें जाहीर केलें. त्या धर्तीवर १७७४ सालीं लंडनमध्यें विल्यम हॉज व टॉमस कोगन या दोन वैद्यांनीं तशीच संस्था काढली. नदीवरील नावाड्यांनीं व मजुरांनीं प्रयत्न करावा म्हणून ती पैशांचीं बक्षिसें देई. लवकरच लंडनचे कांहीं भामटे शहाणे झाले: एकानें बुडाल्याचें सोंग करावें, दुसऱ्यानें त्यास वांचवावें, आणि बक्षीस दोघांनीं वांटून घ्यावें. तेव्हां संस्थेनें हळूहळू पैशांऐवजीं पदकें देण्यास आरंभ केला. ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी असली, तरी तीमधील मूळ विचार मला मोठा वाटतो. काठावर वैद्य नसतो, नावाडी असतो. म्हणून विद्या नावाड्याला दिली पाहिजे, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें.

पुढील शंभर-दीडशें वर्षांत ही दृष्टि मंदावली. पिंपावर आडवा घालून लोळविणें, धांवत्या घोड्यावर पालथा टाकणें असे प्रकारहि झाले. आपल्याकडे नदीकांठीं बुडालेल्याचें पोट दाबून पाणी काढतात किंवा त्याला उलटें धरतात, तें याच जातीचें. त्यांत मोलाचीं मिनिटें वायां जातात आणि फुप्फुसांत श्वास कांहीं जात नाहीं. १८५८ सालीं सिल्व्हेस्टर यानें हात वर-खालीं करण्याची, १९०३ सालीं शेफर यानें पालथें निजवून पाठ दाबण्याची, आणि १९३२ सालीं डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यानें पाठ दाबून हात उचलण्याची पद्धत सांगितली. बालवीरांच्या जुन्या पुस्तकांत याच आकृत्या असत. या सर्व पद्धतींत दुसऱ्याच्या तोंडाला तोंड लावावें लागत नसे, हें त्यांच्या लोकप्रियतेचें एक कारण असावें असा माझा तर्क आहे.

छातीवर दाब देण्याची गोष्ट तर हातीं येऊन निसटली. जर्मनींतील गॉटिंगेन येथें फ्रीडरिख मास या तरुण शल्यवैद्यानें १८९१ सालीं भुलीमुळें हृदय थांबलेल्या रोग्यांची छाती वेगानें दाबून त्यांना परत आणलें व तें प्रसिद्धहि केलें. परंतु वैद्यकजगत् तें विसरलें. पुढील सुमारें सत्तर वर्षें शस्त्रक्रियागृहांत हृदय थांबलें तर छाती उघडून, हृदय प्रत्यक्ष हातांत घेऊन दाबीत. अर्थात् ही विद्या रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जाणें शक्यच नव्हतें.

ती बाहेर आणली ती अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरानें. १९५० नंतरच्या दशकांत जेम्स एलम यानें सिद्ध केलें कीं, आपण सोडलेल्या श्वासांत अद्याप सोळा टक्क्यांच्या आसपास प्राणवायु असतो व तो दुसऱ्याला पुरतो. पीटर सफर यानें स्वयंसेवकांना औषधानें निश्चेष्ट करून त्यांच्यावर प्रयोग केले, आणि श्वास देण्याचें काम मुद्दाम बालवीर, गृहिणी अशा सामान्य लोकांकडून करवून घेतलें. त्याच शहरांतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत विल्यम कौवेनहोव्हन हा विजेच्या यंत्रांचा जाणकार, म्हणजे एंजिनियर, हृदयाला विजेचा झटका देण्याचे प्रयोग कुत्र्यांवर करीत होता. त्याचा विद्यार्थी-सहकारी निकरबॉकर याच्या ध्यानांत आलें कीं, झटक्याची जड तबकडी छातीवर दाबतांक्षणीं, वीज सोडण्यापूर्वींच, रक्तदाबाचा कांटा हलतो. शल्यवैद्य जूड यानें तें माणसांवर करून पाहिलें. १९६० च्या जुलै महिन्यांत तिघांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांत २० रोग्यांची हकीकत होती व त्यांपैकीं १४ वांचले होते. दोन हात असले कीं पुरे, असा त्या लेखाचा आशय होता. या शोधांतील दोघे वैद्य नव्हते, आणि एक तर अद्याप विद्यार्थी होता, हें वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वर्गांत अवश्य सांगावें.

त्याच सुमारास नॉर्वेंत आस्मुंड लेर्दाल या खेळणीं बनविणाऱ्या कारखानदारानें शिकविण्यासाठीं माणसाएवढी बाहुली तयार केली. तिच्यावर कोणींहि दाब द्यावा, श्वास द्यावा. स्वतःचा लहान मुलगा बुडतां बुडतां त्यानें वांचविला होता. तेव्हां या कामांत त्याचें मन कां गुंतलें हें निराळें सांगावयास नको. पुढें १९७२ सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल नगरानें हजारों नागरिकांना ही विद्या शिकविली. डेन्मार्कनें २००५ सालीं ती शाळांत सक्तीची केली; तेथें २००१ सालीं कोसळलेल्या दर शंभरांपैकीं एकवीस जणांना जवळच्या लोकांकडून ही मदत मिळे, तें प्रमाण २०१० सालीं पंचेचाळिसांपर्यंत गेलें, आणि महिनाभरानंतर हयात असणाऱ्यांचें प्रमाण साडेतीनांवरून जवळजवळ अकरांवर आलें. या सुधारणेचीं आणखीहि कारणें असतील. पण माझ्यासारख्या शाळामास्तराला त्यांतील शाळेचा वांटा पाहून अभिमान वाटला, तर तो क्षम्य समजावा.

आतां आपल्या देशाकडे पाहूं. २०१० सालीं भारतीय भूलशास्त्राच्या नियतकालिकांत एक पाहणी प्रसिद्ध झाली. वैद्यक, दंतवैद्यक, होमिओपॅथी व परिचर्या या शाखांचे विद्यार्थी, तसेच कांहीं पदवीधर डॉक्टर व शिक्षक, असे १,०५४ जण तींत होते. प्राथमिक जीवरक्षणाचे साधे प्रश्न त्यांना विचारले. संपूर्ण ज्ञान एकालाहि नव्हतें. ८९४ जणांना, म्हणजे शेंकडा चौऱ्यांशींहून अधिकांना, निम्मेसुद्धां गुण मिळाले नाहींत. ऐंशीच्या घरांत पोंचले ते अवघे दोघे! आमच्या काळीं असा निकाल लागता तर हेडमास्तरांनीं शिक्षकांनाच बोलावून घेतलें असतें, आणि तें योग्यच ठरलें असतें. कारण हीं मुलें मंद नव्हेत. हृदयाच्या झडपांचीं नांवें त्यांना मुखोद्गत असतात. दाब किती खोल द्यावा हें पुस्तकांत वाचून समजतें, पण मनगटाला समजत नाहीं. पोहणें पुस्तकावरून येत नाहीं, तशी ही विद्या बाहुलीवर घाम गाळल्याखेरीज येत नाहीं. आणि एकदां आली तरी कांहीं महिन्यांत विसरूं लागते, म्हणून पुन्हां पुन्हां गिरवावी लागते. २०१९ सालीं वैद्यकीय अभ्यासक्रम बदलला. आरंभींच्या एका महिन्याच्या पायाभूत वर्गांत प्रथमोपचार व जीवरक्षण यांचा समावेश झाला, हें फार चांगलें झालें. पाहणी त्या बदलापूर्वींची आहे, हें लक्षांत ठेवावें.

ज्ञानाचा प्रश्न असा सुटण्यासारखा आहे. वृत्तीचा प्रश्न अधिक अवघड. देशोदेशींच्या विद्यार्थ्यांना विचारलें तर शिकण्याची इच्छा बहुतेक सर्व जण दाखवितात. पण अनोळखी माणूस रस्त्यावर पडला असतां हात लावाल काय, असें विचारलें कीं उत्तर घुटमळतें. बरगडी मोडेल, रोग जडेल, पोलीस बोलावतील, माणूस दगावला तर लोक मारतील. आणि पडलेली स्त्री असेल तर आणखी संकोच. सार्वजनिक जागीं स्त्रियांना ही मदत पुरुषांपेक्षां कमी मिळते, असें परदेशच्या पाहण्यांतहि दिसलें आहे. आपल्याकडे त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची शिवाशिव मिसळलेली आहे. परक्याच्या ओंठांस ओंठ लावणें ही आपल्या समाजाला रोगाइतकीच विटाळाची भीति वाटते, हें उघड बोलण्यास हरकत नसावी.

बरगडीची भीति खरी आहे; कधीं कधीं ती मोडतेहि. पण मोडलेली बरगडी सांधते. पोलिसांच्या भीतीस सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१६ च्या निर्णयानें, आणि पुढें मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या १३४-अ या कलमानें, बरेंचसें उत्तर दिलें आहे: अपघातग्रस्तास सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. मात्र हें कलम मोटार-अपघातापुरतें आहे, हें विद्यार्थ्यांना सांगितलें पाहिजे. अर्धवट आश्वासन घातक असतें. तोंडाच्या संकोचावरहि तोडगा निघाला. अमेरिकेंतील हृदयरोगविषयक संस्थेनें २००८ सालीं सांगितलें कीं, न शिकलेल्या माणसानें नुसते दाब दिले तरी चालेल. आपल्याकडील भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेंहि २०१७ सालीं सामान्य जनतेसाठीं केवळ दाबांचीच पद्धत पुरस्कारिली. ओळखा, मदत बोलवा, दाबा, रुग्णालयाकडे न्या. शहरासाठीं हें शहाणपणाचें आहे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर जो मध्यमवयीन गृहस्थ अकस्मात् कोसळतो, त्याच्या रक्तांत पहिलीं कांहीं मिनिटें पुरेसा प्राणवायु असतो. उणीव असते ती तें रक्त फिरविण्याची.

परंतु, श्रोतेहो, काठीचें काय? येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. राज्यांत २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धांवते. तरी सातपुड्याच्या कांहीं पाड्यांपर्यंत चाकाचा रस्ता पोंचलेला नाहीं, आणि रोग्याला बांबूच्या झोळींतून खांद्यावर न्यावें लागतें, अशीं वृत्तें पावसाळ्यांत येतच असतात. हृदयाला विजेचा झटका देणारें यंत्र जेथें वेळेवर येणार नाहीं, तेथें नुसत्या दाबांनीं हृदयविकाराचा रोगी वांचण्याची आशा थोडी, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. दाब म्हणजे यंत्र येईपर्यंत काढलेली उसनवारी आहे.

पण या डोंगरांत माणसें हृदयविकारानेंच मरतात असें नाहीं. सरदार सरोवराचें पाणी नर्मदाकांठच्या पाड्यांपर्यंत आलें आहे आणि दळणवळण नावांनीं चालतें. २०१९ सालच्या मकरसंक्रांतीच्या दिवशीं शेजारच्या धडगांव तालुक्यांत भुषा येथें यात्रेकरूंची नाव उलटून माणसें दगावलीं. पावसाच्या तोंडाला वीज पडते. आणि झोपडींत जन्मलेलें मूल न रडतां निळें पडतें. या तिन्ही प्रसंगीं मुख्य उणीव श्वासाची असते. बुडालेल्याच्या रक्तांतील प्राणवायु आधींच संपलेला असतो. त्याला आधीं श्वास, मग दाब. वीज पडलेल्याचें हृदय पुष्कळदां आपण होऊन सुरू होतें, पण श्वास मागें राहतो, आणि श्वास न दिल्यास हृदय पुन्हां थांबतें. म्हणूनच विजेनें अनेक जण पडले असतां जो मेल्यासारखा दिसतो त्याच्याकडे आधीं धांवावें, असा नियम आहे. येथें यंत्राची वाट पाहावी लागत नाहीं. टॉसॅकच्या मजुरासारखा माणूस परत येऊं शकतो. तेव्हां नंदुरबारच्या विद्यार्थ्याला मुंबईच्या नागरिकासाठीं ठरविलेला सोपा पाठ देऊन भागणार नाहीं. त्याला श्वासहि देतां आला पाहिजे, आणि शक्य तर खिशांत मावणारा मुखपट्टीचा पडदा त्याच्याजवळ असला पाहिजे, म्हणजे संकोचाचें निमित्त उरणार नाहीं.

हें अशक्य आहे असें म्हणणाऱ्यांनीं महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकाला, गडचिरोलीस, पाहावें. तेथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९३ पासून एक प्रयोग चालविला. ३९ गांवांतून थोडें शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांना आरोग्यदूत केलें. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बालकाला नळी-मुखवट्यानें, व पुढें हातानें दाबावयाच्या पिशवीनें, श्वास कसा द्यावा हें त्यांना शिकविलें, पुन्हां पुन्हां करवून घेतलें, आणि त्यांच्या कामाची तपासणी होत राहिली. तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांचा मृत्यु तुलनेच्या गांवांहून ६२ टक्क्यांनीं कमी झाला. त्याला जंतुदोषावरील उपचार इत्यादि अनेक कारणें होतीं. परंतु केवळ गुदमरण्यानें होणारे मृत्यूहि सुमारें दोन-तृतीयांशांनीं घटल्याचें पुढें प्रसिद्ध झालेल्या हिशोबांत दिसतें. हा वृत्तान्त १९९९ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आला. ज्या रीतीला एके काळीं सुइणींची गांवढळ रीत म्हणून हिणविलें, ती शिस्तींत बसवून पुन्हां खेड्यांतील स्त्रियांच्याच हातीं आली. त्या स्त्रियांपाशीं पदवी नव्हती. मात्र हें मूल आपल्या गांवचें आहे, त्याच्या आईला आपण नांवानें ओळखतों, ही जाणीव होती. विद्यार्थ्यांच्या वृत्तीवर प्रश्नावल्या काढणाऱ्यांनीं हा मुद्दा विचारांत घ्यावा. हात घुटमळतो तो परक्यासाठीं.

या दृष्टीनें पाहतां सातपुड्यांतून शिकावयास आलेला मुलगा वा मुलगी शहरी सोबत्याहून या कामीं अधिक सोयीची जागा धरून आहे. त्याला डोंगरांतली बोली येते. प्रथमोपचाराचीं चित्रें व फलक बहुधा प्रमाण मराठींत असतात. पाड्यावरील म्हातारीला 'उरोस्थि' म्हणजे काय तें कळणार नाहीं, आणि घाईंत समजावण्यास वेळहि नसतो. कोसळलेला माणूस मधूनमधून आचके देतो, तो श्वास नव्हे, हें तिला तिच्याच बोलींत आधीं सांगून ठेवलें पाहिजे. या एका गैरसमजानें फार मिनिटें फुकट जातात. असा विद्यार्थी होळीपूर्वीं आठ दिवस गांवीं आला, बरोबर महाविद्यालयाची एक बाहुली आणली, आणि ढोल वाजविणाऱ्या तरुणांना घेऊन बसला, तर मिनिटास शंभराहून थोडी अधिक लय म्हणजे काय, हें त्यांना शिकविण्याची गरज पडणार नाहीं. तीच लय ते हातांनीं ढोलावर धरूं शकतात. दाब किती खोल द्यावा आणि मान मागें कलवून हवेची वाट कशी मोकळी करावी, एवढेंच दाखवावें लागेल. बाहुली एकच असली तरी चालेल. प्रत्येकाची पाळी दोनदां आली पाहिजे.